कामावर कंबर धरली? भरपाईचा दावा पायरीपायरीने

कुपवाड एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीतला कामगार फाईल घेऊन आला होता. जड कोअरबॉक्स (ओतकामातला साचा) वाकून उचलला, वळून टेबलावर ठेवताना कमरेत चमक भरली आणि पाळी सुटेपर्यंत डावा पाय बधिर झाला. फाईल चांगली जाड होती. एमआरआय, ऑपरेशनचं बिल, गोळ्यांच्या पावत्या, सगळं प्लास्टिकच्या कव्हरात नीट लावलेलं. पण सगळ्यात जुना केसपेपर उघडला तर त्यावर एकच ओळ होती: 'कंबरदुखी, दोन वर्षांपासून.' कामाचा उल्लेख नाही, कोअरबॉक्सचा नाही, त्या दिवशी काय घडलं याचा तर नाहीच.

डॉक्टरांनी विचारलं होतं, "किती दिवस दुखतंय?" गडी प्रामाणिक. म्हणाला, "तशी दोन वर्षं दुखतेच." बोलला ते खरंच होतं, पण अर्धंच. समोरच्या वकिलाला तेवढी एक ओळ पुरली.

कंबर, मान, खांदा यांचे दावे बहुतेक असेच पडतात, आणि पडतात ते पहिल्या दोन दिवसांच्या कागदांवर. म्हणून या लेखात सुरुवातीच्या पायऱ्यांवर जास्त वेळ घालवला आहे. कोर्टातल्या पायऱ्या वकील बघून घेईल, सुरुवातीच्या तुमच्याशिवाय कुणी करणार नाही.

## आधी हे समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं वाया

कायद्यात व्यवसायजन्य आजारांची यादी आहे. सिलिकोसिस, शिशाची विषबाधा, आवाजाने येणारा बहिरेपणा, उसाच्या चिपाडाच्या धुळीने होणारा बॅगॅसोसिस असे आजार तिच्यात आहेत. सतत वाकून किंवा अवघडून काम केल्याने झिजलेली कंबर तिच्यात नाही. यादीत नसलेल्या आजाराला भरपाई मिळते ती एकाच अटीवर: तो आजार कामामुळे आणि काम चालू असताना घडलेल्या एखाद्या ठरावीक अपघाताच्या दुखापतीतून थेट आलेला असला पाहिजे.

म्हणजे 'पंधरा वर्षं वाकून कंबर गेली' एवढ्यावर दावा उभा राहत नाही. 'अमुक तारखेला, अमुक पाळीत, हे उचलताना कमरेत कळ आली' यावर राहतो.

अपघात म्हटलं की पडायलाच हवं, रक्त यायलाच हवं, अशी अनेकांची समजूत असते. तसं काही नाही. मार्केट यार्डात हळदीचं पोतं पाठीवर घेताना उसण भरली, विट्यात मागावर बीम चढवताना खांदा निखळला, शिरवळच्या कारखान्यात खोकी रचताना मान आखडून हाताला मुंग्या आल्या, हे सगळे अपघातच. कंबर आधीपासून दुखत असली आणि कामाच्या एका झटक्याने ती पार गेली, तरी दावा करता येतो. फक्त तो झटका कागदावर दिसला पाहिजे.

> इशारा: घडलाच नाही असा प्रसंग रचू नका. हजेरीपट, कॅमेरा आणि सोबत्यांची उलटतपासणी यात तो उघडा पडतो, आणि मग खरी दुखापतही खोटी ठरते.

तुमचं दुखणं खरोखरच हळूहळू आलेलं असेल, दिवसभर कॉम्प्युटरसमोर किंवा शिलाई मशीनवर बसून मान धरली असेल आणि सांगण्यासारखा एकही प्रसंग नसेल, तर भरपाईच्या मागे धावू नका. तुम्ही ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत असाल तर आजारपण लाभ घ्या. अंशदानाची (विम्यासाठी पगारातून भरलेल्या पैशांची) अट पुरी होत असेल तर पगाराच्या ७० टक्के दराने वर्षाकाठी ९१ दिवसांपर्यंत पैसे मिळतात. मणक्याची गादी सरकली असेल तर वाढीव आजारपण लाभाचं विचारा. त्याच्या आजारांच्या यादीत हे दुखणं आहे, दर ८० टक्के आहे आणि त्यासाठी दोन वर्षांची सलग विमा असलेली नोकरी लागते. ईएसआयच्या डॉक्टरला हे आपणहून विचारावं लागतं, तो सांगेल याची वाट बघू नका.

## पायरी १ : दार कोणतं, ते ठरवा

दारं दोन आहेत आणि तुमच्यासाठी त्यातलं एकच उघडं असतं.

पगाराची पावती काढा. ईएसआयच्या नावाखाली ०.७५ टक्के कपात दिसतेय का? महिन्याचा पगार २१,००० रुपयांपर्यंत आहे का? दोन्हींचं उत्तर हो असेल तर तुमचं दार ईएसआय. ईएसआयचा विमा असलेल्या कामगाराला त्याच दुखापतीसाठी मालकावर वेगळा भरपाईचा दावा लावता येत नाही. लोक वर्षभर वकिलाचे उंबरे झिजवतात आणि मग हे कळतं. तोवर ईएसआयकडे अपघाताची नोंदही झालेली नसते.

कपात नसेल, किंवा पगार मर्यादेच्या वर असेल, तर दार कर्मचारी भरपाईचं. हा मूळ कायदा १९२३ चा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आणि तो कायदा तिच्यात गेला. दुखापत त्या तारखेच्या आधीची की नंतरची, हे अर्जाच्या पहिल्याच परिच्छेदात लिहा, कारण त्यावरून कोणती कलमं लावायची ते ठरतं. नोटीस, दोन वर्षांची मुदत, हिशोबाची रीत, हा सांगाडा दोन्हींकडे सारखाच आहे.

ईएसआयवाल्यांचं काम तुलनेने सोपं. मालकाने अपघात नोंदवहीत नोंद करायची आणि अपघात अहवाल ईएसआयला ऑनलाइन पाठवायचा. तुम्ही दवाखान्यातून रजेचं प्रमाणपत्र घ्यायचं. अपघाताचा दिवस सोडून किमान तीन दिवस काम सुटलं तर तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ सुमारे ९० टक्के दराने मिळतो, आणि त्यासाठी आधी किती महिने अंशदान भरलं हे बघत नाहीत. कायमचं अधूपण राहिलं तर वैद्यकीय मंडळ टक्के ठरवतं आणि त्या प्रमाणात महिन्याला पैसे चालू होतात. मालक अहवाल पाठवत नसेल तर आपल्या शाखा कार्यालयात स्वतः लेखी अर्ज द्या, पोच घ्या. पायरी २ आणि ३ तुम्हालाही जशाच्या तशा लागू आहेत.

> तपासा: कपात होते पण ईएसआयचा विमा क्रमांक कधी मिळालाच नाही? आधी शाखा कार्यालयात तक्रार. तुमचे पैसे कापून घेतले आणि पुढे भरले नाहीत, तर ती चूक मालकाची, आणि तिच्यामुळे तुमचा हक्क बुडत नाही.

## पायरी २ : त्याच दिवशी, घरी जाण्याआधी

उसण भरली की आपल्याकडची पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते. कुणीतरी पाठीवर पाय देतो, कुणी बाम चोळतो, मुकादम म्हणतो "जा घरी, झोप जरा, सकाळी बरं वाटेल." आणि आपण गप घरी जातो. सकाळी उठता येत नाही तेव्हा कंपनीच्या लेखी तुम्ही घरात पाय घसरून पडलेले असता.

म्हणून तिथल्या तिथे हे करा, याच क्रमाने:

१. सुपरवायझरला तोंडी सांगा आणि लगेच मोबाइलवर मेसेज टाका. चार ओळी पुरतात: 'आज दुपारी सव्वातीनला मोल्डिंगला कोअरबॉक्स उचलताना कमरेत कळ आली, डावा पाय जड झालाय, दवाखान्यात जातोय.' या मेसेजवर वेळ आणि तारीख आपोआप पडते. दोन वर्षांनी हाच कागद सगळ्यात भारी ठरतो.

२. प्रथमोपचाराच्या किंवा अपघाताच्या वहीत नोंद करायला सांगा. नोंद केली की त्या पानाचा फोटो काढा. काढू देत नसतील तर पान क्रमांक आणि लिहिणाऱ्याचं नाव टिपून ठेवा.

३. बघणारे दोघे कोण होते ते लक्षात ठेवा. लगेच जबाब घ्यायला जाऊ नका, सोबती बिचकतात. नाव, पाळी, मोबाइल नंबर, एवढं पुरे.

४. जे उचलत होता त्याचं वजन किती, जमिनीपासून किती उंचीवरून कुठे ठेवायचं होतं, पाळीत असं किती वेळा, हे त्याच रात्री घरच्या एखाद्या वहीत लिहून काढा. वजन अंदाजाने वाढवून लिहू नका. पोत्यावर किंवा खोक्यावर छापलेलं असतं, ते लिहा.

५. गेटमधून पाळी संपण्याआधी बाहेर पडलात तर गेटपास जपून ठेवा. 'वैद्यकीय कारण' असं त्यावर लिहून घेता आलं तर सोन्याहून पिवळं.

ठेकेदाराकडे काम करणाऱ्यांनी एक जास्तीची गोष्ट करायची. मेसेज मुकादमालाही टाका आणि कंपनीच्या सुपरवायझरलाही. नाहीतर कंपनी म्हणते माणूस आमचा नव्हे, आणि ठेकेदाराचा फोन लागत नाही.

दोन दिवसांहून जास्त काम सुटलं तर कारखान्याला अपघाताची सूचना औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला द्यावी लागते. ती दिली का, हे पुढे माहिती अधिकारात विचारता येतं. दिली असेल तर अपघात मालकाने स्वतःच मान्य केलाय.

## पायरी ३ : डॉक्टरला काय सांगायचं

सगळ्यात जास्त दावे इथेच मरतात, म्हणून इथे थोडं सावकाश.

पहिला दवाखाना शक्यतो सरकारी निवडा: सांगली किंवा मिरजेचं सिव्हिल, साताऱ्यात जिल्हा रुग्णालय, नाहीतर जवळचं ग्रामीण रुग्णालय. कारण साधं आहे. तिथल्या केसपेपरवर तारीख आणि वेळ पडते, आणि तो कागद नंतर बनवून घेतला असं कुणी म्हणू शकत नाही. पुढचे उपचार मग कुठेही घ्या. मिरजेत हाडांच्या डॉक्टरांची काही कमी नाही.

डॉक्टरसमोर बसलात की उत्तर या क्रमाने द्या. आधी आज काय घडलं. मग कुठे दुखतं आणि कळ कुठवर जाते, म्हणजे फक्त कंबर, का मांडी, का पोटरी, का अंगठ्यापर्यंत. मग मुंग्या, बधिरपणा, लघवीला त्रास. आणि शेवटी जुनं दुखणं असेल तर तेही, लपवायचं नाही. फाउंड्रीतल्या त्या कामगाराने एवढंच म्हटलं असतं, 'आधी कंबर दुखायची पण कामावर कधी खाडा पडला नाही, आज कोअरबॉक्स उचलला तेव्हापासून पाय उचलत नाही', तर त्या केसपेपरचा अर्थच बदलला असता.

मग दवाखान्यातून बाहेर पडण्याआधी कागद वाचा. अक्षर लागत नसेल तर नर्सला विचारा. 'कामावर वजन उचलताना' हे शब्द नसतील तर नम्रपणे सांगा, "साहेब, कामावर झालंय, तेवढं लिहा." बहुतेक डॉक्टर लिहितात. ओपीडीची रांग लांब असते म्हणून राहून जातं, इतकंच.

> इशारा: हाडवैद्याकडे चोळून घेतलं, पट्टा बांधून घेतला आणि आठ दिवसांनी दवाखाना गाठला, तर मधल्या आठ दिवसांत काय झालं याचा हिशोब कोर्टात तुम्हाला द्यावा लागतो. चोळल्यामुळेच गादी सरकली, असंही समोरचे म्हणतात.

एमआरआयबद्दल एक गोष्ट माहीत असू द्या. पस्तिशी ओलांडलेल्या कुणाचाही मणका मशिनखाली घाला, रिपोर्टात 'डिजनरेटिव्ह चेंजेस' हे शब्द बहुधा येतातच. विमा कंपनीचा वकील तेवढेच दोन शब्द वाचून दाखवतो आणि म्हणतो, ही वयाची झीज. म्हणून नुसता रिपोर्ट फाईलला लावून थांबू नका. उपचार करणाऱ्या डॉक्टरकडून वेगळं लेखी मत घ्या: झीज असली तरी गादी सरकून नस दबण्याचं कारण त्या दिवशीचा झटका आहे का, आणि असेल तर कशावरून.

## पायरी ४ : मालकाला नोटीस

सांगितलं होतं, मेसेज केला होता, तरीही नोटीस द्यायचीच. कायद्याला त्यात तीनच गोष्टी हव्यात: जखमीचं नाव-पत्ता, दुखापतीचं कारण साध्या भाषेत आणि तारीख. वकिलाकडून चार पानं लिहून घ्यायची गरज नाही. असं चालतं:

'मी आपल्या कारखान्यात मोल्डिंग विभागात काम करतो. दि. … रोजी दुसऱ्या पाळीत दुपारी ३.१५ च्या सुमारास कोअरबॉक्स उचलून टेबलावर ठेवत असताना माझ्या कमरेत तीव्र कळ आली व डावा पाय बधिर झाला. ही गोष्ट मी त्याच वेळी सुपरवायझरना सांगितली. त्याच दिवशी सिव्हिल हॉस्पिटलमध्ये उपचार घेतले. ही दुखापत कामामुळे व काम करत असताना झाली असल्याने कायद्यानुसार देय भरपाई व उपचारांचा खर्च मला मिळावा.'

खाली सही, तारीख, मोबाइल नंबर. दोन प्रती. एक स्पीड पोस्टाने रजिस्ट्रेशन लावून पाठवा, दुसरी हाताने देऊन आवक शिक्का घ्या. शिक्का देत नसतील तर पोस्टाची पावती आणि पोचपावती पुरते. ठेकेदार आणि कंपनी दोघांनाही वेगवेगळ्या प्रती गेल्या पाहिजेत.

नोटीस मिळाल्यावर तीन दिवसांत मालक आपल्या खर्चाने डॉक्टरी तपासणी करून घ्यायला सांगू शकतो. जा. कारण न देता नकार दिला तर तुमचा हक्क तेवढा काळ थांबतो. तिथेही पायरी ३ मधला तोच क्रम, आणि कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही नाही.

> तपासा: नोटिशीतली तारीख, मेसेजमधली तारीख आणि केसपेपरवरची तारीख जुळते का? पाळी रात्री बारा ओलांडत असेल तर तारीख हमखास चुकते. तिन्ही कागद शेजारी ठेवून बघा.

## पायरी ५ : फाईल

यात फार डोकं लावायला नको. वयाचा दाखला (शाळा सोडल्याचा दाखला सगळ्यात बरा, कारण वयावर सगळं गणित आहे), बारा महिन्यांच्या पगाराच्या पावत्या किंवा बँकेचं पासबुक, ओळखपत्र, सगळे केसपेपर तारखेच्या क्रमाने आणि औषधांची मूळ बिलं. पगार रोखीने मिळत असेल तर पीएफचं पासबुक काढा. त्यात दर महिन्याची रक्कम आणि मालकाचं नाव दोन्ही असतं. तेही नसेल तर हजेरीकार्ड, मुकादमाची डायरी, सोबत्याचा जबाब.

बिलांची झेरॉक्स काढा. ती थर्मल कागदाची असतात, वर्षभरात कोरी होतात. उपचारांचा प्रत्यक्ष झालेला खर्च मालकाकडून मागता येतो, पण कोऱ्या कागदावर नाही.

## पायरी ६ : अधूपण किती, ते कोण सांगणार

यातली चूक महाग पडते. लोक सिव्हिलमधून दिव्यांग प्रमाणपत्र काढतात, त्यावर १५ टक्के असतं, आणि दावाही १५ टक्क्यांचा लावतात. ही दोन वेगळी मापं आहेत. दिव्यांग प्रमाणपत्र शरीर किती अधू झालं ते मोजतं. भरपाई ठरते कमाईची ताकद किती गेली यावर.

१९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर एका सुताराचा खटला होता. डावा हात कोपराच्या वरून गेलेला. कायद्यातल्या दुखापतींच्या तक्त्याप्रमाणे ते पूर्ण अपंगत्व नव्हतं. पण एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून न्यायालयाने त्याची कमाईची ताकद शंभर टक्के गेली असं धरलं. हमालाच्या कमरेला हेच लागू होतं. पहारेकऱ्याला जे १५ टक्के, ते पोती वाहणाऱ्याला कितीतरी जास्त असू शकतं.

त्यामुळे डॉक्टरच्या प्रमाणपत्रात हे हवंच: निदान, कोणते उपचार झाले, आता यापेक्षा सुधारणा होईल का, कोणत्या हालचाली बंद (वाकणं, वजन उचलणं, उकिडवं बसणं, जास्त वेळ उभं राहणं), रुग्ण नेमकं काय काम करत होता, आणि त्या कामापुरती कमाईची क्षमता किती टक्के गेली. शेवटची दोन वाक्यं सहसा राहतात. डॉक्टरला तुमचं काम माहीत नसतं, सांगा. जमल्यास कामाच्या जागेचा फोटो दाखवा.

आणि आधीच विचारून घ्या: "डॉक्टर, साक्षीला याल का?" प्रमाणपत्र देणारा डॉक्टर साक्षीला आलाच नाही तर त्या कागदाचं वजन फार उरत नाही. ज्याने ऑपरेशन केलं त्याचंच मत सगळ्यात भारी. कोर्टाजवळ बसून तासाभरात प्रमाणपत्र देणारे असतात, त्यांच्या नादी लागू नका. त्यांची नावं न्यायाधीशांना तुमच्याआधी पाठ असतात.

## पायरी ७ : आकडा काढा

कायमच्या पूर्ण अपंगत्वाची रक्कम: मासिक पगाराचे ६० टक्के गुणिले वयाचा गुणांक. कायद्यात तक्ता आहे. ३५ व्या वर्षी गुणांक १९७.०६, ४० व्या वर्षी १८४.१७, ५० व्या वर्षी १५३.०९. अंशतः अपंगत्व असेल तर त्याचे तेवढे टक्के.

३ जानेवारी २०२० च्या अधिसूचनेप्रमाणे हिशोबासाठी पगार जास्तीत जास्त १५,००० रुपये धरला जातो. तुम्हाला २४,००० मिळत असले तरी गणितात १५,०००. अर्ज लिहायच्या दिवशी ही मर्यादा तीच आहे ना, एवढं वकिलाकडून बघून घ्या.

उदाहरण. वय ४०, कमाईची ताकद ३० टक्के गेली:

१५,००० चे ६० टक्के = ९,०००
९,००० × १८४.१७ = १६,५७,५३०
त्याचे ३० टक्के = ४,९७,२५९ रुपये

हेच १५ टक्क्यांनी केलं तर निम्मं. पायरी ६ का महाग पडते ते इथे दिसतं.

दुखापत तात्पुरती असेल, म्हणजे महिना-दोन महिने घरी बसून माणूस पुन्हा कामाला लागला, तर दर पंधरवड्याला पगाराच्या २५ टक्के. वरच्या पगाराला ३,७५० रुपये. काम तीन दिवसांहून जास्त सुटलेलं असलं पाहिजे. औषधपाण्याचा खर्च याहून वेगळा.

> इशारा: 'मानसिक त्रासाचे दोन लाख, मुलीच्या शिक्षणाचे पाच लाख' असे आकडे अर्जात घालू नका. या कायद्यात त्यांना जागा नाही, आणि त्यांच्यामुळे बाकीचा हिशोबही संशयात येतो.

## पायरी ८ : अर्ज कुठे आणि कुणाविरुद्ध

पोलीस ठाणं नव्हे, तहसील नव्हे, कामगार आयुक्ताचं ऑफिसही नव्हे. भरपाई ठरवणारा अधिकारी वेगळा असतो. जुन्या कायद्यात त्याला कर्मचारी भरपाई आयुक्त म्हणतात, संहितेत सक्षम प्राधिकारी. आपल्याकडच्या जिल्ह्यांत हे काम साधारणपणे न्यायाधीशांकडे असतं. सांगलीवाल्यांनी विजयनगरच्या न्यायालयात आणि सातारकरांनी जिल्हा न्यायालयाच्या आवारात आधी चौकशी करावी, मगच टायपिंगला पैसे द्यावेत.

एक सवलत फार कमी लोकांना माहीत आहे. अपघात जिथे झाला तिथेच अर्ज करायला लागत नाही, तुम्ही राहता तिथेही करता येतो. चाकणला कंबर मोडून जतला परत आलेल्या माणसाला दर तारखेला पुण्याच्या एसटीत बसायची गरज नाही. माण-खटावातून बाहेर कामाला गेलेल्यांचंही तेच.

सामनेवाले किती? ठेकेदार, मूळ कंपनी आणि विमा पॉलिसी असेल तर विमा कंपनी. तिघेही. ठेकेदाराच्या माणसाला दुखापत झाली तर मूळ कंपनीही देणं लागते, पुढे तिने ते ठेकेदाराकडून वसूल करावं. फक्त ठेकेदाराला सामनेवाला केलं की निकाल हातात येतो आणि ठेकेदार गावाला गेलेला असतो. यार्डातल्या नोंदणीकृत हमालाने माथाडी मंडळाला अर्जाआधीच लेखी कळवावं आणि नोंदणीचा उतारा फाईलला लावावा.

मुदत अपघातापासून दोन वर्षं. सबळ कारण असेल तर उशीर माफ होतो, पण 'साहेब देतो म्हणाले होते' हे कारण सबळ धरून चालू नका. मालक गोड बोलून नेमकी ही दोन वर्षंच घालवतो.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. औद्योगिक कामगार, स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग यांना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. फोन नंबर १५१००.

## पायरी ९ : तारखा आणि तडजोड

उलटतपासणीत कंबरवाल्याला तेच ते चार प्रश्न येतात: आधी दुखत होती का, शेती आहे का, मोटरसायकल चालवता का, इथवर कसे आलात. खरं सांगा. शेती असेल तर आहे म्हणा आणि आता ती कोण करतं तेही सांगा. 'मला काहीच करता येत नाही' असं म्हणणारा माणूस कोर्टाच्या दोन मजल्यांच्या पायऱ्या चढून आलेला असतो, आणि ते सगळ्यांनी पाहिलेलं असतं.

दुखापत कामामुळे झाली हे दाखवायची जबाबदारी तुमची. पण डोळ्यांनी बघणारा साक्षीदार हवाच असं नाही. सगळ्या परिस्थितीवरून तसा निष्कर्ष काढता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्येच सांगून ठेवलंय. मेसेज, गेटपास, केसपेपर ही ती परिस्थिती.

मधेच तडजोडीचा निरोप येतो, बहुधा सणाच्या तोंडावर. तडजोड वाईट नाही, पण ती भरपाई आयुक्तासमोर लेखी नोंदली पाहिजे. चहाच्या टपरीवर व्हाउचरवर सही घेऊन दिलेले पन्नास हजार म्हणजे तडजोड नव्हे. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कायदा मानत नाही, तरी तो कागद फाईलला लागला की दोन तारखा त्यावरच जातात. 'स्वेच्छेने राजीनामा' असं त्याच कागदाच्या तळाला बारीक अक्षरात असतं. वाचा.

## पायरी १० : निकाल लागला, पैसे कुठे आहेत?

भरपाई अपघाताच्या दिवसापासूनच देय असते. महिनाभरात दिली नाही तर १२ टक्के सरळ व्याज, आणि उशिराला समर्थन नसेल तर मूळ रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत दंड. वरच्या उदाहरणात नुसतं व्याज वर्षाला ५९,६७१ रुपये होतं. अर्जातच व्याज आणि दंड दोन्ही मागा. मागितलं नाही म्हणून मिळालं नाही, असं झालेलं आहे.

मालकाला अपील करायचं असेल तर साठ दिवसांत, तेही कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच, आणि आधी सगळी रक्कम जमा करून. १८ ऑगस्ट २०२५ पासून साताऱ्या-सांगलीची अपिलं मुंबईऐवजी उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचपुढे चालतात, त्यामुळे 'मुंबईला खेचू' ही जुनी धमकी आता कुणी दिली तर मनावर घेऊ नका.

पैसे भरलेच नाहीत तर आयुक्ताकडे वसुलीचा अर्ज द्या. रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते, म्हणजे प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांमार्फत तहसीलदाराकडे जातं. तिथे ते आपोआप हलत नाही. वसुली दाखल्याचा जावक क्रमांक लिहून घ्या आणि दर पंधरा दिवसांनी त्याच क्रमांकाने विचारा. जाताना कमरेचा पट्टा बांधून जा. बाकडी सगळी लाकडी आहेत, आणि साहेब नेहमी साइटवर असतात.